उत्तर वाचताना: छिंदवाडा 1996-97

जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून, त्याला झेंडा बांधून या दोन गावांत जी गोटमार होते, तिच्यामुळे ही नावं दूरवर पोहोचली. मला मात्र सावरगावचा मतदार आठवतो तो वेगळ्या कारणाने. हा सगळा मराठी बोलणारा पट्टा, सौंसर-पांढुर्ण्यासकट, छिंदवाडा लोकसभा मतदारसंघात येतो. पैशाचा आरोप झाला की पुढारी काय उत्तर देतो आणि लोक ते उत्तर कसं वाचतात, हे पाहण्यासाठी 1996-97 च्या छिंदवाड्याइतकी चांगली संहिता मला दुसरी सापडलेली नाही.

आधी पार्श्वभूमी. मे 1991 मध्ये दिल्लीत जैन बंधूंशी संबंधित जागेवर सीबीआयचा छापा पडला आणि डायऱ्या हाती लागल्या. त्यांत नेत्यांना पैसे दिल्याच्या कथित नोंदी: नावांची आद्याक्षरं, त्यांच्यापुढे आकडे. एकूण रक्कम पासष्ट कोटींच्या घरात. दोन वर्षं हे हवाला प्रकरण जवळजवळ पडून राहिलं. पत्रकार विनीत नारायण यांनी 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा तपास हलला. जानेवारी 1996 पासून आरोपपत्रं येऊ लागली, आणि एप्रिल-मे महिन्यांत लोकसभेची निवडणूक होती. प्रत्येक आरोपी नेत्याला खटल्याच्या कितीतरी आधी लोकांसमोर काहीतरी उत्तर देणं भाग होतं.

लालकृष्ण अडवाणींनी खासदारकी सोडली आणि नाव निष्कलंक होईपर्यंत लोकसभेत पाऊल ठेवणार नाही असं जाहीर केलं. त्यांच्या गांधीनगरमधून त्या वर्षी अटलबिहारी वाजपेयी उभे राहिले. माधवराव सिंधियांना काँग्रेसने तिकीट नाकारलं, तर ते स्वतःचा पक्ष काढून ग्वाल्हेरमधून लढले आणि जिंकले. ही दोन्ही उत्तरं परस्परविरोधी आहेत, तरी दोन्ही मला उघड वाटतात. एकाने आपली जागा पणाला लावली, दुसऱ्याने आपलं नाव थेट मतदारापुढे ठेवलं. गोटमारीत जसं कोण कुठल्या काठावर उभा आहे हे लपत नाही, तसं इथे कुणी काय सोडलं आणि काय धरलं हे कुणालाही दिसत होतं.

छिंदवाड्याचं उत्तर वेगळं होतं. कमलनाथ 1980 पासून इथले काँग्रेसचे खासदार. इंदिरा गांधींनी त्यांची ओळख आपला तिसरा मुलगा म्हणून करून दिली, असं इथे सांगितलं जातं. तेव्हा नात्यागोत्याची भाषा या मतदारसंघाला नवी नव्हती. हवाल्यामुळे 1996 मध्ये त्यांचं तिकीट कापलं गेलं आणि पत्नी अलका नाथ यांना उभं करण्यात आलं. त्या निवडून आल्या. इथवरचा भाग मी सहानुभूतीने वाचतो. आरोप सिद्ध झालेला नाही, पक्षाने दार लावलं आहे, कार्यकर्ते वाऱ्यावर आहेत, अशा वेळी घरातल्या माणसाला पुढे करणं हे अगदीच न समजण्यासारखं नाही. मतदारानेही ते समजून घेतलं.

खरी ओळ पुढे आहे. वर्ष पुरतं व्हायच्या आत अलका नाथ यांनी राजीनामा दिला आणि फेब्रुवारी 1997 च्या पोटनिवडणुकीत कमलनाथ स्वतः उभे राहिले. समोर भाजपने सुंदरलाल पटवांना आणलं. पटवा माजी मुख्यमंत्री, पण माळव्याकडचे, छिंदवाड्याला बाहेरचे. ते जिंकले.

या निकालाकडे मी पुन्हा पुन्हा येतो. आरोप तोच, डायरी तीच, माणूसही तोच. मे 1996 मध्ये त्याच्या घराला मत मिळालं आणि नऊ-दहा महिन्यांनी त्यालाच नाकारलं गेलं. मधल्या काळात बदललं ते उत्तर. पहिल्यांदा मतदाराला वाटलं असावं की अडचणीत आपल्याकडे मदत मागितली जाते आहे. दुसऱ्यांदा मात्र जागा घरच्या तिजोरीतून काढून परत घेतल्यासारखी दिसली, आणि त्यासाठी सौंसर-पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याला पुन्हा रांगेत उभं राहायला सांगितलं गेलं. पोटनिवडणुकीला इतरही कारणं असतात हे मला मान्य आहे. तरीही माझं वाचन असं की लोकांनी तेव्हा हवाल्याच्या आरोपावर मत दिलं नाही, उत्तराच्या वागणुकीवर दिलं. हा निवाडा मला विलक्षण सूक्ष्म वाटतो आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

उत्तर असं वाचण्याची परंपरा आपल्या संसदेत फार आधी सुरू झाली, आणि तीही मुंबईच्या प्रकरणातून. एच. जी. मुद्गल हे मुंबईचे सदस्य. मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत त्यांची बाजू लावून धरल्याचा ठपका त्यांच्यावर आला. टी. टी. कृष्णम्माचारींच्या अध्यक्षतेखालच्या समितीने चौकशी केली आणि सप्टेंबर 1951 मध्ये त्यांना काढून टाकण्याचा प्रस्ताव खुद्द नेहरूंनी मांडला. मुद्गलांनी सभागृहात आपली बाजू मांडली आणि भाषण संपवताना राजीनाम्याचं पत्र उपाध्यक्षांच्या हाती दिलं. हकालपट्टीचं मत पडायच्या आत माणूस दाराबाहेर! इथे सभागृह गप्प बसू शकलं असतं. त्याने पत्राची भाषा तपासली, आणि त्या राजीनाम्याचे शब्दच सभागृहाचा अवमान करणारे आहेत, त्यामुळे मूळ अपराध आणखी गंभीर होतो, असा ठराव केला. रक्कम तीन हजारांच्याही आतली होती. संसदेने रकमेचा आकार पाहिला नाही, जाण्याची रीत पाहिली.

छिंदवाड्याच्या मतदाराकडे ठराव लिहिण्याची सोय नव्हती. त्याच्या हाती एक मतपत्रिका होती आणि शिक्का होता. तेवढ्याने त्याने तेच काम केलं.

काही महिन्यांतच, जुलै 1997 मध्ये, चारा घोटाळ्यात अडकलेल्या लालूप्रसाद यादवांनी बिहारचं मुख्यमंत्रिपद पत्नी राबडीदेवींकडे दिलं. देशभर त्याची चर्चा झाली. छिंदवाड्याने अशा उत्तराचा पहिला मसुदा आधीच वाचून निकाल दिला होता, ही गोष्ट तेव्हा कुणी फारशी मांडली नाही याची मला खंत वाटते.

न्यायालयाचा निकाल वेगळ्या वाटेने आला. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल 1997 मध्ये अडवाणींवरचे आरोप रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 1998 मध्ये हा निर्णय कायम करताना सांगितलं की वहीतल्या नोंदी, स्वतंत्र पुराव्याचं पाठबळ नसेल तर, कुणावर आरोप ठेवायला पुरेशा नाहीत. हवाल्यात एकही राजकारणी दोषी ठरला नाही, कमलनाथही नाहीत. अडवाणी त्याच वर्षी गांधीनगरमधून लोकसभेत परतले. कमलनाथांनी 1998 मध्ये पटवांना हरवून छिंदवाडा परत मिळवला, पुढे 2018 मध्ये ते मध्य प्रदेशचे मुख्यमंत्रीही झाले. मतदाराने त्यांना कायमचं दूर केलं नव्हतं; एका उत्तराला नकार दिला होता.

पहिल्या निवडणुकीपासून 2024 च्या निवडणुकीआधीपर्यंत काँग्रेसने छिंदवाड्याची लोकसभेची जागा एकदाच गमावली. ती फेब्रुवारी 1997 ची पोटनिवडणूक.