डाग आणि जखम

धर्मपुरुषांच्या जीवनावरील चित्रपट म्हटला की आपल्या नजरेसमोर बहुधा हौतात्म्य उभे राहते. 'बेकेट' (१९६४) या चित्रपटातील कँटरबरीचे आर्चबिशप आपल्याच कॅथेड्रलमध्ये तलवारीला बळी पडतात. 'रोमेरो' (१९८९) मधील एल साल्वादोरचे आर्चबिशप मिस्सा अर्पण करीत असताना गोळी लागून कोसळतात. फर्नांदो मेइरेलेस या ब्राझिलियन दिग्दर्शकाच्या 'द टू पोप्स' (२०१९) या चित्रपटात मात्र नायकाचे रक्त सांडत नाही. दोन वृद्ध धर्मपुरुष बागेत, दिवाणखान्यात आणि सिस्टीन चॅपेलच्या भव्य छताखाली एकमेकांशी बोलतात, इतकेच. तरीही दोन तास प्रेक्षक जागचा हलत नाही. हे यश थोडे नव्हे. या यशाच्या आड एक उणीव दडली आहे, आणि ती आपल्या श्रद्धेच्या गाभ्याशी निगडित असल्यामुळे तिची चर्चा येथे करावीशी वाटते.

कथानक थोडक्यात असे : २००५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांच्या निधनानंतर कार्डिनल रॅट्झिंगर हे बेनेडिक्ट सोळावे म्हणून निवडून येतात. २०१२ साली ब्युनोस आयरेसचे कार्डिनल बर्गोग्लिओ निवृत्तीची परवानगी मागण्यासाठी रोमला येतात. पोपमहोदय त्यांच्या अर्जावर सही करीत नाहीत, कारण त्यांच्या मनात स्वतःच्याच पदत्यागाचा विचार घोळत असतो. दोघे वाद घालतात, दमतात, पियानोच्या सुरांनी थोडे सैलावतात आणि अखेरीस एकमेकांपाशी पापनिवेदन करतात.

अँथनी मॅकार्टन यांनी आपल्याच नाटकावरून ही पटकथा लिहिली आहे, आणि तिचे नाट्यमूल्य संवादागणिक जाणवते. अँथनी हॉपकिन्स (बेनेडिक्ट) आणि जोनाथन प्राइस (बर्गोग्लिओ) हे दोघेही वेल्समध्ये जन्मलेले नट. पण एकाच्या चालण्यात जर्मन प्राध्यापकाचे एकाकीपण दिसते, तर दुसऱ्याच्या खांद्यांत अर्जेंटिनाच्या रस्त्यांचा मोकळेपणा. एकटेच जेवणारे पोप, मनगटावरच्या घड्याळाने 'थांबू नका, चालत राहा' असे बजावताच निमूटपणे पाऊल उचलणारे पोप : अशा लहान लहान तपशिलांतून सिंहासनामागचा माणूस दिसतो. चित्रीकरणासाठी सिस्टीन चॅपेल रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत नव्याने उभारण्यात आले होते. पडद्यावर ते अस्सल वाटते.

मात्र आपल्या घरातील मुलांना हा चित्रपट दाखवताना एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागेल. २०१२ सालची ही भेट सर्वस्वी काल्पनिक आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार प्रत्येक बिशपाने वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी राजीनामा सादर करायचा असतो. बर्गोग्लिओ डिसेंबर २०११ मध्ये पंचाहत्तर वर्षांचे झाले आणि नियमाप्रमाणे त्यांनी तो सादर केला. त्यात बंडखोरी नव्हती. उलट, आपल्याला पदमुक्त करावे आणि ग्रंथांकडे परत जाऊ द्यावे अशी विनंती पोप जॉन पॉल यांच्याकडे एकाहून अधिक वेळा केली होती ती कार्डिनल रॅट्झिंगर यांनी. चित्रपट त्यांना पोपपदासाठी उत्सुक असलेले दाखवतो आणि निवृत्तीची ओढ दुसऱ्याच्या पदरात घालतो. बेनेडिक्ट यांच्यावर हा अन्यायच होय.

चरित्रपटात कल्पना असू नये असे मी म्हणत नाही. कल्पनेने सत्याचे दार उघडत असेल, तर तिचे स्वागतच आहे. प्रश्न एवढाच की, या कल्पित भेटीतून पटकथाकाराला काय साधायचे आहे?

त्याचे उत्तर कास्टेल गांडोल्फोच्या बागेतील वादात मिळते. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंचा विषय निघतो. तेव्हा बर्गोग्लिओ म्हणतात की, पाप म्हणजे डाग नव्हे, ती जखम आहे. तिच्यावर उपचार व्हावे लागतात. नुसती क्षमा पुरत नाही. साऱ्या चित्रपटात याहून मोलाचे वाक्य नाही. डाग पापी माणसाच्या आत्म्यावर पडतो. तो पुसला की काम झाले. जखम मात्र दुसऱ्याच्या अंगावर असते. पापी मोकळा झाला म्हणून ती भरून येत नाही. पटकथाकाराने आपणच आपल्या हाती ही कसोटी दिली आहे. तेव्हा चित्रपटातील दोन पापनिवेदने याच कसोटीवर घासून पाहू या.

पहिले बर्गोग्लिओ यांचे. १९७३ ते १९७९ या काळात ते अर्जेंटिनातील येशूसंघीयांचे प्रांताधिकारी होते. १९७६ साली लष्कराने सत्ता बळकावली आणि त्याच वर्षी मे महिन्यात झोपडवस्तीत काम करणाऱ्या फादर ओर्लांदो योरिओ व फादर फ्रान्झ यालिच यांना सैनिकांनी पळवून नेले. पाच महिने त्यांचा छळ झाला. वरिष्ठांनी त्यांच्यावरचे आपले छत्र काढून घेतले होते काय, हा प्रश्न बर्गोग्लिओ यांचा अनेक वर्षे पाठलाग करीत राहिला. चित्रपट हे सारे उघडपणे दाखवतो. तरुण बर्गोग्लिओच्या भूमिकेत हुआन मिनुहिन यांच्या डोळ्यांतील भीती आणि स्वतःच्या हुशारीवरचा फाजील विश्वास दोन्ही दिसतात. पुढे वृद्ध यालिच यांच्याशी झालेली गळाभेटही आपण पाहतो. आपल्याला बर्गोग्लिओ यांनी पकडून दिले नव्हते, असे यालिच यांनी २०१३ साली जाहीरपणे सांगितले. २००० साली निवर्तलेल्या योरिओ यांनी मात्र तसे मानले नव्हते. म्हणजे एक जखम भरली, दुसरी उघडीच राहिली. चित्रपटाचा हा भाग सर्वांत सच्चा आहे, कारण ज्याला दुखापत झाली तो माणूस आपल्याला दिसतो.

आता बेनेडिक्ट यांचे पापनिवेदन. ते बोलू लागतात, मासिएल या मेक्सिकन संस्थापक-धर्मगुरूचे नाव ऐकू येते, आणि ध्वनी विरून जातो. ओठ हलतात, शब्द मात्र आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्यानंतर पापक्षमेचे शब्द उच्चारले जातात.

हे मौन पापनिवेदनाच्या गुप्ततेचा आदर म्हणून पाळले आहे, असे कोणी म्हणेल. तो विचार माझ्याही मनात आला. पण मग बर्गोग्लिओ यांचे निवेदन शब्दन् शब्द का ऐकवले? एकाची कहाणी प्रसंगांसह उलगडायची आणि दुसऱ्याचा आवाजच बंद करायचा, याने दोन गोष्टी घडतात. बेनेडिक्ट नेमके कशासाठी दोषी होते हे कळत नाही, म्हणून प्रेक्षक वाटेल ते कल्पितो. आणि त्यांनी जे केले तेही कळत नाही. मासिएलची चौकशी २००४ सालाच्या अखेरीस मार्गी लागली ती रॅट्झिंगर यांच्याच खात्याकडून. २००६ साली त्याला सार्वजनिक सेवाकार्य सोडून प्रार्थना व प्रायश्चित्त यांत जगण्यास फर्मावले गेले तेही त्यांच्याच कारकिर्दीत. ही कारवाई फार उशिरा झाली असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे दुर्लक्षून चालणार नाही. पण निवाडा करण्यासाठी आधी ऐकावे तर लागते!

त्याहून गंभीर बाब ही की, त्या खोलीत जखमी माणूसच नाही. एक धर्मपुरुष दुसऱ्याला क्षमा करतो, दोघांची मने हलकी होतात, निरोप घेताना अंगणात टँगो नृत्याची दोन पावलेही टाकली जातात. प्रेक्षक सुखावतो. पण बागेत ज्या जखमेबद्दल बोलणे झाले, तिचे काय? पटकथाकार आपलेच वाक्य विसरला आणि शेवटी डागच पुसून मोकळा झाला.

खेद याचा वाटतो की, प्रत्यक्ष इतिहासात याहून मोठे नाट्य घडले होते. एप्रिल २००८ मध्ये पोप बेनेडिक्ट वॉशिंग्टन येथे अत्याचारपीडितांना समोरासमोर भेटले. २०१८ साली चिलीतील एका बिशपाच्या प्रकरणात पोप फ्रान्सिस यांनी प्रथम पीडितांवर विश्वास ठेवला नाही. काही महिन्यांतच आपल्या आकलनात गंभीर चूक झाल्याचे त्यांनी लेखी कबूल केले आणि पीडितांना व्हॅटिकनमध्ये बोलावून त्यांची क्षमा मागितली. फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्युनिक धर्मप्रांताविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर, चौऱ्याण्णव वर्षांच्या बेनेडिक्ट यांनी जाहीर पत्र लिहून पीडितांची क्षमा याचिली. मात्र अत्याचार दडपल्याचा आरोप त्यांनी मान्य केला नाही. चित्रपट ज्या ठिकाणी नि:शब्द झाला, तेथे खुद्द त्यांनाच, अपुरे का होईना, बोलावे लागले.

हे सारे रोमचे, आपला काय संबंध, असे वाचकांनी म्हणू नये. उपवासकाळात आपणही पापनिवेदनासाठी रांगेत उभे राहतो. गुडघे टेकतो, पाप सांगतो, तीन 'नमो मारिया' म्हणतो आणि हलक्या मनाने घरी येतो. बांधाच्या वादात ज्या भावाशी दहा वर्षे बोललो नाही, वाटणीत ज्या बहिणीचा हिस्सा गिळला, तिच्या दारात आपण कधी उभे राहतो काय? वेदीवर अर्पण ठेवण्याआधी भावाशी समेट कर, असे प्रभू येशूने पर्वतावरील प्रवचनात सांगितले. जक्कयाने तर लुबाडलेल्याच्या चौपट परत करण्याचे वचन दिले. पापक्षमा ही देवाची कृपाच आहे. पण प्रायश्चित्त आपले पाय जखमी माणसाच्या दाराकडे वळवते.

चित्रपटाच्या शेवटी दोघे पोप २०१४ सालच्या विश्वचषकाचा जर्मनी-अर्जेंटिना अंतिम सामना शेजारी शेजारी बसून पाहतात. हाही प्रसंग कल्पितच. खरा प्रसंग २३ मार्च २०१३ रोजी घडला होता : कास्टेल गांडोल्फोच्या चॅपेलमध्ये आजी आणि माजी पोप एकाच बाकाशी गुडघे टेकून प्रार्थना करीत होते. ५ जानेवारी २०२३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी बेनेडिक्ट यांच्या अंत्यविधीच्या मिस्साचे अध्यक्षस्थान भूषवले आणि त्यांच्या शवपेटीवर हात ठेवला. २१ एप्रिल २०२५ रोजी तेही प्रभुघरी गेले.

वाचकांनी हा चित्रपट अवश्य पाहावा, कुटुंबासह पाहावा. तो संपल्यावर लगेच उठू नये. ध्वनी विरून गेलेल्या त्या क्षणाविषयी मुलांशी बोलावे, आणि त्या खोलीत कोण हजर नव्हते हे त्यांना विचारावे.