ग्रेगोर साम्साची नोकरी

फ्रान्झ काफ्काच्या ‘मेटॅमॉर्फॉसिस’ (1915) या कथेवर टीकाकारांनी इतके अर्थ लादले आहेत, की तिचा नायक कापडाच्या पेढीचा फिरता विक्रेता आहे याचाच विसर पडावा. पितृभय, अस्तित्वाची व्यर्थता यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु कथेचा पहिला भाग सरळसरळ नोकरीविषयी आहे.

एके सकाळी ग्रेगोर किडा होऊन जागा होतो. पाचची गाडी चुकलेली असते. आणि आठ वाजण्याच्या आत पेढीचा मुख्य कारकून दारात हजर होतो. पाच वर्षांत एकदाही आजारी न पडलेल्या या नोकराविषयी तो संशय बोलून दाखवितो, तो वसुलीच्या पैशांचा! दार उघडल्यावर ग्रेगोर विनवतो, की माणूस काही काळ कामास असमर्थ होऊ शकतो, पण त्याची पूर्वीची सेवा आठवण्याची वेळ हीच होय. सेवेत असताना अपंगत्व आलेल्याची बाजू याहून नेमकी मांडलेली माझ्या वाचनात नाही. मात्र त्याची वाणी आता कोणालाच कळत नाही, आणि कारकून तर पाठ फिरवून जिन्याकडे सरकत असतो.

हे लिहिणारा काफ्का 1908 पासून प्रागच्या कामगार-अपघात-विमा संस्थेत नोकरीस होता. लाकूड रंधण्याच्या यंत्रांनी कामगारांची बोटे कशी तुटतात, यावर त्याने सचित्र अहवाल लिहिला होता. स्वतःला क्षय झाल्यावर मात्र त्याला त्याच संस्थेने रजा दिल्या आणि 1922 मध्ये निवृत्तिवेतनही दिले. तेव्हा ही कथा म्हणजे त्याचे वैयक्तिक गाऱ्हाणे नव्हे.

अपंगत्वाला किड्याचे रूप देणे हीनतादर्शक नाही काय, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. त्याचे पूर्ण निरसन होत नाही. एवढेच म्हणता येईल, की ग्रेगोरचे मन अखेरपर्यंत माणसाचे राहते. किडा दिसतो तो पाहणाऱ्यांना.

आपल्याकडील 2016 च्या कायद्यान्वये, सेवेत अपंगत्व आलेल्या नोकराला शासकीय आस्थापनेने काढावयाचे नसते. जुने काम झेपत नसल्यास त्याच वेतनाची दुसरी जागा द्यावयाची असते. कापडाच्या खासगी पेढीतील विक्रेत्याला ते कलम आजही लागू नाही.

पळताना कारकून आपली काठी विसरतो. बाप तीच उचलून मुलाला खोलीत हाकलतो. येथून पुढे पेढी कथेत दिसत नाही, तिची जरुरीच उरत नाही. ग्रेगोर मेल्यावर बाप, आई व बहीण आपापल्या मालकांना दिलगिरीची पत्रे लिहावयास बसतात. एका दिवसाची विश्रांती आपण मिळवली आहे, असे त्या तिघांनाही वाटत असते.