होऊन राहिलं

'काय होऊन राहिलं बे?' नागपूरच्या बर्डीवर कुणीही कुणालाही सहज विचारतो तो हा प्रश्न. पुण्याचा कान त्यावर अडखळतो. झालं असेल तर राहिलं कसं, आणि राहिलं असेल तर झालं कसं? १९५६पर्यंत हिंदी-मराठी मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरला ही शंका शिवत नाही. 'हो रहा है' इथं शेजारीच नांदतं. मला मात्र या प्रश्नाचा जोडीदार इंग्रजीत दिसतो: 'व्हॉट्स गोइंग ऑन?' तिथल्या 'गो'मध्ये जाणं उरलेलं नाही, इथल्या 'राहिलं'मध्ये मुक्काम. 'ऑन' काय किंवा 'राहिलं' काय, क्रिया अजून चालू आहे एवढंच सांगतात.

इंग्रजीतल्या या जोडक्रियापदांना, म्हणजे फ्रेजल व्हर्ब्जना, आपण उगाच बिचकतो. परक्यांना आपल्या भाषेत सर्वांत जड जातं ते हेच, असं सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं. त्या परक्यांत त्याने मराठी माणूस धरायला नको होता! 'ईट अप'मधलं 'अप' काही वर नेत नाही. ते 'खाऊन टाक'मधलं 'टाक' आहे, आणि तिथंही कुणी काही फेकत नाही. 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणं. आतलं बाहेर आणण्याची कल्पना दोन्हीकडे तीच. त्यांची गाडी 'ब्रेक डाउन' होते, आपली बंद पडते. इंग्रजी बहुधा क्रियापदामागे दिशा लावते, मराठी दुसरं क्रियापद.

'पुट अप विथ' तर सावकाश वाचावं असं. ठेवणं, वर, सोबत. तिन्हींत सोसणं कुठंच नाही, पण एकत्र आले की नागपूरचा मे महिना आठवतो. आता आपलं 'खपवून घेणं' पाहा. खपणं बाजारातलं, घेणं हातातलं; सहनशीलता यांच्याही घरची नव्हे. तरी इथं मराठी सरस आहे असं माझं मत. 'घेणं' म्हटलं की ओझं कुणाच्या अंगावर आलं ते कळतं. 'लिहून घे' आणि 'लिहून दे' यांत कागद कुणाकडे जाणार हे ठरून जातं. 'अप' आणि 'ऑफ' असला हिशेब ठेवत नाहीत. उलट, एकट्या 'गिव्ह'मागे 'अप' लावून नाद सोडायचा, 'इन' लावून नमतं घ्यायचं, 'आउट' लावून वाटप करायचं, ही इंग्रजीची काटकसर हेवा वाटावा अशी.

शब्दक्रम मात्र शिकावाच लागतो. 'स्विच इट ऑफ' चालतं, 'स्विच ऑफ इट' चालत नाही. 'इट'ऐवजी 'द फॅन' असेल तर दोन्ही चालतात. पण 'करूनच टाक', 'बघून तर घे' म्हणताना आपणही जोडीच्या मध्ये काही ना काही सरकवतोच की.

खरी अडचण वेगळीच आहे. आपलं इंग्रजी पुस्तकांतून आणि कचेरीतून आलं, म्हणून आपण सगळं 'पोस्टपोन' आणि 'टॉलरेट' करतो. हे शब्द लॅटिनच्या घरचे, आपल्या 'स्थगित'सारखे कडक इस्त्रीचे. बोलताना इंग्रज मीटिंग 'पुट ऑफ' करतो, आपण ती पुढं ढकलतो. 'पोस्टपोन'मध्ये ढकलणाऱ्याचा हात दिसत नाही. गंमत म्हणजे मेडिकलमधलं 'चेकअप', गाडीचा 'पिकअप', एसटीचं 'ब्रेकडाउन' यांना आपण नामं म्हणून केव्हाच घरात घेतलं. क्रियापदं म्हणून ती अजून दाराबाहेर आहेत.

तेव्हा पाठांतराच्या याद्या बाजूला ठेवा. पुढच्या ई-मेलमधलं 'टॉलरेट' खोडा आणि तिथं 'पुट अप विथ' लिहून तर बघा.