मॉक कुणी ठेवला आणि का? एका पेपरशी माझं भांडण

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न असा: "अलीकडे वाचलेला एक पेपर सांगा, आणि त्यात काय कमी वाटलं तेही सांगा." पहिल्या अर्ध्याची तयारी सगळे करून जातात. दुसऱ्या अर्ध्याला "सॅम्पल लहान आहे" असं म्हणून सुटका करून घेतात. मीही तेच म्हटलं होतं, आणि समोरच्या बाईंनी "म्हणजे किती हवं होतं?" असं विचारल्यावर गप्प बसले होते. म्हणून आज मला मनापासून आवडणारा एक पेपर घेते आणि तो कुठे अपुरा पडतो ते दाखवायचा प्रयत्न करते. तुमचा विषय टेस्टिंग नसला तरी वाचा. इथली चूक कुठल्याही विषयात होते.

आधी विषय. लालबागला राहणाऱ्याला तो समजवायला फार सोपा आहे. एप्रिल-मेमध्ये मसाला गल्लीत या. बायका बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे किती, याची यादी घेऊन येतात, माल विकत घेतात, भाजतात आणि डंकावर नेतात. डंकवाला मिरची निवडत नाही. तुम्ही हातात द्याल ते तो कुटतो. डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणजे हेच. क्लासने आपल्याला लागणाऱ्या वस्तू स्वतः तयार करायच्या नाहीत, त्या बाहेरून, बहुतेक वेळा कन्स्ट्रक्टरमधून, त्याच्या हातात द्यायच्या. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये हे देण्याचं काम कंटेनर करतो. जावाच्या जगात हा कंटेनर म्हणजे बहुतेकदा स्प्रिंग. मार्टिन फाउलरने २००४ साली या पद्धतीवर लेख लिहिला तेव्हापासून 'डिपेन्डन्सी इंजेक्शन' हे नाव रुळलं. त्या लेखात त्याचा मुख्य भर टेस्टिंगवर नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. वस्तू वापरणं एकीकडे आणि कुठली वस्तू द्यायची हे ठरवणं दुसरीकडे ठेवा, हा त्याचा मुद्दा. ठरवणं वेगळं काढलं की ते ठरवण्यातही चूक होऊ शकते, हे आपण सोयीने विसरतो.

टेस्ट लिहिताना याचा फायदा उघड आहे. डंकाचा पट्टा आणि मोटर नीट चालते का बघायचं असेल तर महागडी बेडगी कशाला, भुसा टाकला तरी चालतो. टेस्टमधला भुसा म्हणजे मॉक. पण भुसा टाकून डंक चालवला आणि "मसाला झणझणीत झालाय" असं सांगितलं तर आई काय म्हणेल ते वेगळं सांगायला नको.

आता पेपर. स्पादिनी, अनिश, ब्रुंटिंक आणि बाकेली यांचा 'टू मॉक ऑर नॉट टू मॉक', माइनिंग सॉफ्टवेअर रिपॉझिटरीज परिषद, २०१७. प्रश्न साधा आहे: डेव्हलपर कुठल्या डिपेन्डन्सी मॉक करतात, कुठल्या करत नाहीत, आणि का? तीन ओपन सोर्स प्रकल्प (सोनारक्यूब, स्प्रिंग, व्हीरॅप्टर) आणि अलुरा ही एक कंपनीची प्रणाली घेतली. टेस्टच्या कोडमधून मॉक शोधणारं टूल लिहिलं. त्यातून निवडलेल्या २००० हून अधिक डिपेन्डन्सी हाताने तपासल्या. मग त्याच प्रकल्पांच्या डेव्हलपरांशी बोलले, आणि वर शंभराहून अधिक व्यावसायिकांचा सर्व्हे केला. निष्कर्ष थोडक्यात: टेस्टिंग अवघड करणाऱ्या गोष्टी, म्हणजे डेटाबेस, बाहेरच्या सेवा वगैरे, लोक मॉक करतात, व्यवसायाचे नियम सांभाळणारे क्लास शक्यतो करत नाहीत. आणि मॉकचं वागणं मूळ क्लासच्या वागण्याशी जुळतं ठेवणं कठीण जातं, अशी तक्रारही ते करतात.

यातली एक गोष्ट आधी उचला. कोडमधून मोजलं, मग माणसांना विचारलं, मग जास्त माणसांना विचारलं. सिनॉप्सिसमध्ये पद्धत लिहायची असेल तर हा क्रम नकलावा असा आहे. मी नकलला आहे.

भांडण 'का' या शब्दाशी आहे, आणि ते माझ्या अनुभवातून आलंय.

पीएचडीला येण्याआधी मी लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका ऑफिसात काम करत होते. आम्ही परकीय चलनाच्या व्यवहारांची देय तारीख काढणारा नवा मॉड्यूल लिहीत होतो. स्पॉट व्यवहार झाला की दोन कामकाजाच्या दिवसांनी पैसे हातात पडतात, त्यामुळे सुट्ट्यांचं कॅलेंडर ही आमच्या क्लासची डिपेन्डन्सी. एका संध्याकाळी टेस्ट लाल झाली. स्टॅक ट्रेस लांबलचक, पण तळातल्या शेवटच्या 'कॉज्ड बाय'ला स्पष्ट लिहिलेलं: एकच बीन अपेक्षित होतं, दोन सापडले. प्रणालीत शेअर बाजाराचं कॅलेंडर आधीपासून होतं, बँकेचं नुकतंच आलं होतं, आणि कंटेनर विचारत होता, यातलं कुठलं देऊ?

मी काय केलं? त्या टेस्टपुरतं वेगळं छोटं कॉन्फिगरेशन लिहिलं. त्यात एकच कॅलेंडर, तेही मॉक. टेस्ट हिरवी. आठ वाजले होते, मी घरी गेले. ॲप्लिकेशन स्वतः सुरू होताना तीच चूक दाखवत होतं, तर एका सहकाऱ्याने जुन्या, म्हणजे शेअर बाजाराच्या, कॅलेंडरवर 'प्रायमरी' असं लिहून टाकलं. तेही शांत झालं.

मॉकिटोच्या मॉकला काही शिकवलं नाही तर तो हो-नाहीच्या प्रश्नाला 'नाही' म्हणतो, यादी मागितली तर रिकामी यादी देतो. म्हणजे आमच्या टेस्टमध्ये "आज सुट्टी आहे का?" याचं उत्तर वर्षभर 'नाही'. गणेश चतुर्थीलाही नाही. लालबागमध्ये राहून मी हे लिहिलं होतं.

मग आला सप्टेंबर २०२३. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ तारखेला. मिरवणुका एकाच दिवशी नकोत म्हणून महाराष्ट्र सरकारने ईदची सुट्टी २८ वरून २९ला नेली, आणि त्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेने परकीय चलन आणि रोख्यांच्या बाजाराची सुट्टीही २९ला केली. शेअर बाजार मात्र २८ आणि २९ दोन्ही दिवस चालू. आता २७ तारखेचा स्पॉट व्यवहार घ्या. २८ पहिला दिवस, २९ सुट्टी, मग शनिवार-रविवार, २ ऑक्टोबर गांधी जयंती, म्हणून देय तारीख ३ ऑक्टोबर. आमचं सॉफ्टवेअर सांगत होतं २९ सप्टेंबर. मॉड्यूल तेव्हा पायलटवर होता, तारखा रोज हाताने ताडून बघत, म्हणून निभावलं. २८ला सकाळी खाली ढोल-ताशे वाजत होते, अख्खी वाडी राजाच्या मागे गेलेली, आणि मी घरात लॅपटॉपसमोर बसून माझीच टेस्ट वाचत होते. ती अजूनही हिरवी होती.

कंटेनरने महिनाभर आधी अगदी बरोबर प्रश्न विचारला होता. 'बाजाराची सुट्टी की बँकेची?' हा निव्वळ व्यवसायाचा प्रश्न आहे, तो फक्त तांत्रिक भाषेत आला. आम्ही दोघांनी त्याला उत्तर न देता गप्प केलं.

आता पेपरकडे परत. समजा संशोधक आमच्या ऑफिसात आले असते आणि मला विचारलं असतं, "हे कॅलेंडर मॉक का केलंत?" मी काय सांगितलं असतं? "बाहेरच्या फाइलवर अवलंबून आहे, टेस्ट संथ होते, इन्फ्रास्ट्रक्चर आहे." सगळं पटण्यासारखं. पेपरच्या 'टेस्टिंग अवघड करणाऱ्या डिपेन्डन्सी' या खान्यात ते चपखल बसलं असतं. खरं कारण एवढंच की टेस्ट लाल होती आणि आठ वाजले होते. मुलाखतीत विचारलेलं 'का' हे नंतर सुचलेलं 'का' असतं. निर्णय म्हणून ठेवलेला मॉक आणि बिघाड दडपण्यासाठी ठेवलेला मॉक कोडमध्ये तंतोतंत सारखे दिसतात. माझ्या वाचनात हा पेपर या दोघांना वेगळं करत नाही. क्लास स्वतः अवघड आहे की त्याची जोडणी अवघड झाली आहे, हा फरक त्यात हरवतो.

दुसरा मुद्दा सॅम्पलचा, पण "लहान आहे" असा नाही. चारपैकी दोन, स्प्रिंग आणि व्हीरॅप्टर, स्वतःच फ्रेमवर्क आहेत. स्प्रिंग तर ज्या कंटेनरबद्दल आपण बोलतोय तो कंटेनरच. डंक बनवणारा कारखाना आपला डंक कसा तपासतो आणि मसाला कुटायला आलेली बाई काय तपासते, यात फरक असणारच. फोर्टपासून लोअर परळपर्यंत बँका आणि ब्रोकर यांच्यासाठी जे सॉफ्टवेअर लिहिलं जातं त्याच्या जवळ जाणारी प्रणाली इथे फार तर अलुरा. मुलाखतीत त्या बाईंना हे उत्तर द्यायला हवं होतं: किती हवे होते ते नाही, कुठले हवे होते ते.

लेखकांची बाजूही सांगायला हवी. याच कामाचा विस्तार त्यांनी २०१९ला प्रसिद्ध केला. त्यात मॉक काळानुसार कसे बदलतात ते पाहिलं. मॉक बहुतेक वेळा टेस्ट क्लासच्या पहिल्याच आवृत्तीत येतात आणि सहसा शेवटपर्यंत टिकतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे माझा संध्याकाळी आठचा मॉक हा अपवाद म्हणावा लागेल. हे माझ्या विरोधात जातं आणि मी ते लपवणार नाही. पण 'पहिल्या आवृत्तीत आला' याचा अर्थ 'विचार करून आला' असा होतोच असं नाही. रिपॉझिटरीत पहिली आवृत्ती येते ती टेस्ट हिरवी झाल्यावर. ती कितीदा लाल झाली, आणि मध्ये काय काय गुंडाळलं गेलं, हे कमिटमध्ये उरत नाही. माझा मॉकसुद्धा बाहेरच्या माणसाला नव्या कॉन्फिगरेशनच्या पहिल्या आवृत्तीतच दिसला असता.

दडपण्याची सवय किती सर्वमान्य आहे याचं एक उदाहरण. एकाच नावाची दोन बीन्स आली की दुसऱ्याने पहिल्याला गुपचूप पुसायचं, ही स्प्रिंग बूटमधली जुनी सोय २०१८ला २.१ आवृत्तीत आपोआप मिळणं बंद झालं. आता तिथे ॲप्लिकेशन सुरूच होत नाही, चूक दाखवतं. आणि त्या चुकीवर सर्रास होणारा इलाज म्हणजे जुनी सोय परत चालू करणारी एक ओळ सेटिंगमध्ये टाकणं. धोक्याची घंटा वाजली की तिची वायर काढायची! मी ही ओळ इतक्या प्रकल्पांत बघितली आहे की आता मला ती बघून राग येत नाही, फक्त शेजारी कुठली दोन बीन्स भांडत होती ते शोधावंसं वाटतं.

आता हे सगळं माझ्या प्रबंधात कसं शिरलं ते. पहिल्या वर्षी मी ओपन सोर्स प्रकल्पांतल्या अपयशी टेस्ट्स गोळा करत होते. ज्या टेस्ट्स कंटेनर उभा राहण्याआधीच पडतात त्यांना मी 'एन्व्हायर्नमेंट एरर' असं लेबल लावून वगळलं होतं. बऱ्याच जणांकडून शिकले होते तसंच. प्रोग्रेस सेमिनारला सरांनी ती पाटी बघितली आणि विचारलं, "अगं, हे वगळलेलं नक्की काय आहे? एकदा उघडून बघितलंस का?" नव्हतं बघितलं. घरी येऊन त्यातल्या काही उघडल्या. काही खरंच एन्व्हायर्नमेंटच्या होत्या: जावाची चुकीची आवृत्ती, न मिळालेली लायब्ररी. पण काहींत कंटेनर अगदी माझ्या कॅलेंडरसारखा प्रश्न विचारत होता. या इंटरफेसचे दोन दावेदार आहेत. या वस्तूला हवं असलेलं काही कुणी दिलंच नाही. ही वस्तू एका रिक्वेस्टपुरती हवी, पण सिंगलटनने ती कायमची धरून ठेवली आहे. लोअर परळला जे केलं तेच मी इथे स्प्रेडशीटवर करत होते, फरक एवढाच की मॉकऐवजी फिल्टर लावला होता. काही महिन्यांचं मोजमाप परत करावं लागलं.

तुम्ही उद्या असा डेटा घेऊन बसाल तर काही गोष्टी उपयोगी पडतील. इंजेक्शनमुळे पडलेली टेस्ट दुरुस्त करण्याआधी तिचा शेवटचा 'कॉज्ड बाय' जसाच्या तसा कॉपी करून ठेवा. दुरुस्तीनंतर तो परत मिळत नाही. मग खऱ्या ॲप्लिकेशनमध्ये त्या जागी कोणती वस्तू येते ते कोड चालवून बघा, अंदाजाने लिहू नका. टेस्टचं कॉन्फिगरेशन खऱ्यापेक्षा वेगळं असेल तर कुठे वेगळं आहे त्याची एक ओळ नोंदवा. कामावर असाल तर एकही मॉक न घालता पूर्ण कंटेनर उभा करणारी निदान एक टेस्ट ठेवा. ती संथ असेल, लोक कुरकुर करतील, करू द्या. पण तीही पुरेशी नाही हे लक्षात घ्या. आमच्याकडे 'प्रायमरी' लावल्यावर ती हिरवीच झाली असती. त्या मॉड्यूलला बँकेचंच कॅलेंडर मिळालंय का, हे वेगळं विचारणारी टेस्ट लागते, आणि ती लिहायला बँक आणि बाजार यांच्या सुट्ट्या वेगळ्या असतात हे आधी कुणाला तरी माहीत असावं लागतं.

वगळलेल्या त्या सगळ्या टेस्ट्स मी परत यादीत घेतल्या आहेत आणि एकेक उघडून हाताने वर्ग लावते आहे. दुसरा वाचक म्हणून विभागातली एक ज्युनिअर मदत करते. पहिल्या फेरीत आमचं दोघींचं सर्वांत जास्त वाजलं ते एकाच लेबलवर: ही चूक जोडणीची म्हणायची की व्यवसायाची? त्या लेबलची व्याख्या आम्ही परत लिहायला घेतली आहे.