कुड्याचा काढा आणि यकृतातील परजीवी

वनस्पतींच्या अर्काने परजीवी मरतात असे दाखविणाऱ्या प्रबंधांचा एक साचाच ठरून गेला आहे. साल सावलीत वाळवावी, मेथॅनॉलात तिचा अर्क काढावा, परजीवी काचपात्रात त्या अर्कात सोडून ते किती वेळात निश्चल होतात हे पाहावे आणि अखेरीस परंपरागत उपयोगास शास्त्रीय पुष्टी मिळाली असे लिहावे. परजीवी यकृतात राहणारा असेल तर हा निष्कर्ष कितपत टिकतो, ह्याची परीक्षा कुड्यावरून चांगली होते.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांपासून पालघर, बोईसर-तारापूरच्या पट्टीपर्यंत कुडा परिचित आहे. त्याच्या फुलांची भाजी आवडीने खाल्ली जाते. सालीचा काढा आवेवर देतात. परंपरेचा दावा एवढाच आहे. आव उत्पन्न करणारा एंटअमीबा हिस्टॉलिटिका हा आदिजीव रक्तावाटे यकृतात जाऊन तेथे विद्रधी निर्माण करतो हे खरे. परंतु जे आतड्यात गुणकारी ते यकृतातही गुणकारी असणारच, हे अनुमान सदोष होय. सालीतील कोनेसीन हे अल्कलॉइड यकृतातील विद्रधीपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचते काय, आणि ते प्रमाण रोग्यास सोसवते काय, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे काचपात्र देऊ शकत नाही. उजव्या कुशीत दुखणारा, तापाने फणफणलेला रोगी काढ्यावर विसंबून राहिला, तर विद्रधी फुटण्याचा धोका असतो.

ह्याचा अर्थ वनस्पती निरुपयोगी आहेत असा नव्हे. इपेकॅक ह्या दक्षिण अमेरिकी वनस्पतीच्या मुळातील एमेटीन १९१२ साली लिओनार्ड रॉजर्स ह्यांनी कलकत्त्यास अंतःक्षेपणाने वापरले, आणि ते यकृतातील अमीबावर खरोखरच गुणकारी ठरले. मात्र ते शुद्ध द्रव्य होते, त्याची मात्रा मोजलेली होती, आणि हृदयावर होणारा त्याचा विषारी परिणामही पुढे नोंदला गेला. १९६६ नंतर मेट्रोनिडाझोलने त्याची जागा घेतली ती ह्या विषारीपणामुळेच.

गुरांच्या यकृतातील पर्णकृमींबाबत साच्याचा दोष अधिक उघड दिसतो. भातखाचरांतील गोगलगायींच्या द्वारे फॅसिओला जायगँटिकाचा प्रसार होतो. प्रयोगासाठी खाटिकखान्यातून मिळतात ते पित्तनलिकांतील प्रौढ कृमी. यकृताचे ऊतक पोखरीत जाणारे कोवळे कृमी त्या पात्रात नसतातच. ट्रायक्लाबेंडाझोलचे महत्त्व ते कोवळ्या कृमींनाही मारते ह्यात आहे. हे प्रबंधकर्त्यांच्या ध्यानात न यावे, ह्याचे नवल वाटते.

शिवाय काढा पाण्यात उकळून होतो, प्रबंधातील अर्क मेथॅनॉलात. दोहोंत उतरणारी द्रव्ये सारखी नसतात. हिवतापावरील आर्टेमिसिनिनचा शोध लावताना तू यूयू ह्यांना उष्णतेने गुण नष्ट होतो असा संशय आला. म्हणून १९७१ साली त्यांनी कमी तापमानात ईथर वापरले. तेथे पद्धतीचा फरक हाच शोधाचा गाभा होता. येथे त्याचा उल्लेखही नसतो.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधद्रव्यांचे कारखाने आहेत. औषधनिर्मितीत प्रत्येक खेपेची शुद्धता तपासावी लागते. कुड्याच्या बाबतीत झाडाच्या ओळखीपासूनच आरंभ करावा लागेल. पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हीना, त्याचे इंद्रजव कडू. काळा कुडा म्हणजे राइटिया, त्याचे इंद्रजव गोडे. कोनेसीनसाठी ख्याती आहे ती पहिल्याची. प्रबंधात नुसते ‘कुडा’ एवढेच लिहिलेले असेल आणि नमुना वनस्पतिसंग्रहात ठेवलेला नसेल, तर कोणत्या झाडाच्या अर्काने कृमी निश्चल झाले हे प्रबंधकर्त्यासही सांगता येणार नाही.