गोदेकाठचा सिंह आणि तागाचे शेत

गाथासप्तशतीच्या पहिल्या शंभरीत एका बगळीची गाथा आहे. कमळाच्या पानावर जराही न हलता बसलेली बगळी कुणीतरी कुणाला तरी दाखवते आहे, आणि पाचूच्या ताटात ठेवलेल्या शंखाच्या शिंपीची तिला उपमा देते आहे. गाथा एवढीच. दाखवणारी व्यक्ती कोण, पाहणारी कोण, वेळ कोणती, यांपैकी काहीही सांगितलेले नाही. ‘बघ’ असे म्हटलेले आहे, म्हणजे ऐकणारे कुणी आहे, एवढेच नक्की.

मम्मटाने काव्यप्रकाशाच्या दुसऱ्या उल्लासात ही गाथा उदाहरण म्हणून घेतली आणि तिच्यातून एकामागून एक अर्थ काढत नेले. बगळी हलत नाही, त्याअर्थी ती निर्धास्त आहे. ती निर्धास्त आहे, त्याअर्थी जागा निर्जन आहे. जागा निर्जन आहे, त्याअर्थी हे संकेतस्थळ आहे आणि कुणी स्त्री आपल्या प्रियकराला ते सुचवते आहे. पुढे तो आणखी एक पर्याय देतो: किंवा ती त्याला म्हणते आहे की तू खोटे बोलतोस, तू येथे आलाच नव्हतास, आला असतास तर बगळी अशी बसली नसती. एकाच पक्ष्याच्या स्वस्थपणातून एकदा आमंत्रण निघते आणि एकदा उलटतपासणी.

मला या गाथेत रस आहे तो या साखळीमुळे. पहिल्या दोन कड्या गाथेतल्या शब्दांना घट्ट बांधलेल्या आहेत. पक्षी माणसाच्या चाहुलीने उठतो हे सर्वांना ठाऊक असते. तो उठलेला नाही, म्हणून चाहूल नाही. तिसरी कडी मात्र गाथेत नाही. निर्जन जागा ध्यानालाही चांगली, मासे धरायलाही चांगली. मम्मटाला दोन परस्परविरोधी प्रसंग सुचले आणि त्याने दोन्ही ठेवले, यातच तिसऱ्या कडीचा आधार बाहेरचा आहे याची कबुली आहे असे मी मानतो. रसिकाने तिसरी कडी जोडू नये असे माझे म्हणणे नाही. कोणती कडी शब्दांनी दिलेली आणि कोणती आपण घातलेली, हे त्याने वेगळे ओळखावे एवढेच. आपल्याकडच्या समीक्षेत ‘कवीला येथे सुचवायचे आहे’ हे वाक्य इतक्या स्वस्तात वापरले जाते की त्याच्या पुढे ‘कशावरून?’ असा प्रश्न लिहिलेला मी तरी फारसा पाहिलेला नाही.

‘कशावरून?’ला पुरेपूर उत्तर देणारी गाथाही त्याच शंभरीत आहे. साळीची शेते पिकून पांढुरकी होत आहेत, आणि कुणी मान खाली घालून रडते आहे. बोलणारी व्यक्ती तिला विचारते की रडतेस कशाला. ताग बघ कसा फुलला आहे, हरताळाने तोंड रंगवलेल्या नटीसारखा. रडणारी स्त्री आहे हे प्राकृतातल्या स्त्रीलिंगी विशेषणावरूनच कळते. तेथे तर्काला जागा नाही. पण पीक पिकताना रडायचे कारण काय? पीक आले की घरात आनंद असतो. या शोकाची संगती लागते ती एकाच रीतीने: पिकलेली साळ कापली जाणार, आणि कापली की उभ्या शेतातला आडोसा जाणार. हा तर्क येथेच थांबला असता तर कल्पित म्हणून सोडून देता आला असता. पण सांत्वनाकडे पाहा. सांत्वन करणारीने पीक परत येईल असे म्हटलेले नाही, देवाचे नाव घेतलेले नाही. तिने दुसरे शेत दाखवले आहे. ज्या वस्तूने दुःख हलके होते तिच्यावरून दुःख कशाचे होते ते कळते. तागाचे पीक माणसाच्या डोक्यावर जाते, दाट असते. बोरूचे शेत पाहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. नटीची उपमाही नुसती पिवळ्या रंगासाठी आलेली नाही. रंगभूमीवर एक पात्र गेले, दुसरे तोंड रंगवून तयार आहे.

येथे संकेतस्थळाचा अर्थ टीकाकाराने लादलेला नाही. तो काढून टाकला तर रडण्याला कारण उरत नाही आणि सांत्वनाला अर्थ उरत नाही. तो अर्थ बगळीच्या गाथेतून काढून टाकला तर काहीही बिघडत नाही. एक सुंदर चित्र शिल्लक राहते. सूचित अर्थ खरा की चिकटवलेला हे ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. सप्तशतीचे टीकाकार गाथेच्या आधी एक अवतरणिका जोडतात, अमुक स्त्री अमुक व्यक्तीला असे म्हणते म्हणून. यांतल्या कितीतरी अवतरणिका या कसोटीवर पडतील. आपण मात्र मराठी अनुवाद वाचताना अवतरणिका आणि गाथा एका दमात वाचतो आणि दोन्ही हालाच्या संग्रहातल्याच समजतो.

आता सिंहाकडे. दुसऱ्या शंभरीतली ही गाथा नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात घेतली आणि त्यानंतर काश्मिरी साहित्यशास्त्रात तिच्यावर जेवढा खल झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या पद्यावर झाला असेल. एका धार्मिक माणसाला सांगितले जाते की आता निर्धास्त हिंड. तो कुत्रा आज मारला गेला, गोदावरीच्या काठच्या जाळीत राहणाऱ्या त्या मस्तवाल सिंहाने मारला. शब्दांत ‘हिंड’ अशी परवानगी, अर्थात ‘फिरकू नकोस’ असा निषेध. आनंदवर्धन म्हणतो, हा निषेध वाच्य नाही, ध्वनित आहे.

अकराव्या शतकात महिमभट्टाने व्यक्तिविवेक लिहिला तो ध्वनी नावाचे वेगळे काही नसून ते सारे अनुमानच आहे हे दाखवण्यासाठी. या गाथेचा त्याने न्यायाच्या पद्धतीने हिशेब मांडला. भित्रा माणूस हिंडतो तो भीतीचे कारण नाही हे कळल्यावर. गोदेकाठी भीतीचे कारण आहे, कारण तेथे सिंह आहे. म्हणून तेथे हिंडू नये. हेतू आहे, व्याप्ती आहे, निष्कर्ष आहे. व्यंजना हवी कशाला?

मम्मटाने पाचव्या उल्लासात याला दिलेले उत्तर वाचताना मला नेहमी मौज वाटते, कारण ते एखाद्या निष्णात वकिलाचे उत्तर आहे. भित्रा माणूसही गुरूच्या किंवा स्वामीच्या आज्ञेने, प्रियेच्या ओढीने भीतीच्या जागी जातो. म्हणजे हेतू व्यभिचारी झाला. कुत्र्याला भिणारा माणूस शूर असल्यामुळे सिंहाला भिणार नाही असेही होऊ शकते; म्हणजे हेतू विरुद्ध झाला. आणि मुख्य म्हणजे, गोदेकाठी सिंह आहे हे ना प्रत्यक्षाने कळले ना अनुमानाने. ते कळले केवळ एका बाईच्या बोलण्यावरून, आणि बोलण्याचा वस्तुस्थितीशी अटळ संबंध नसतो. म्हणजे हेतू मुळात असिद्ध. अशा हेतूवरून साध्य सिद्ध कसे होणार?

मराठीत हा वाद बहुधा ध्वनिवाद्यांच्या विजयाची कथा म्हणून सांगितला जातो. मला तसे वाटत नाही. गाथेत अनुमाने दोन आहेत आणि या वादात ती एकमेकांत मिसळली आहेत. एक त्या धार्मिक माणसाने करायचे: तेथे सिंह आहे, जाऊ नये. दुसरे वाचकाने करायचे: याने जाऊ नये अशी बोलणारीची इच्छा आहे. मम्मटाचे तिन्ही आक्षेप पहिल्या अनुमानाला लागू पडतात. दुसऱ्याला त्यांतला एकही लागत नाही, कारण दुसऱ्याला सिंह खरा असण्याची गरजच नाही.

दुसऱ्या अनुमानाचा आधार शब्दांत आहे, आणि तो भक्कम आहे. ‘निर्धास्त’ म्हटले त्याअर्थी तो आधी धास्तावलेला होता. ‘तो’ कुत्रा म्हटले त्याअर्थी कुत्रा त्याच्या ओळखीचा होता. मग सुवार्ता एवढीच पुरे होती की कुत्रा मेला. कुणी मारला हे सांगायचे कारण नव्हते. सांगितले तरी तो मारणारा कोठे राहतो हे सांगायचे कारण नव्हते. मस्तवाल आहे हेही सांगायचे कारण नव्हते. जी माहिती बातमीला लागत नाही तीच गाथेची निम्मी जागा व्यापून बसली आहे. बोलणारी व्यक्ती धीर देते आहे असे मानले तर हा सारा मजकूर फुकट जातो; ती घाबरवते आहे असे मानले की शब्दन् शब्द कामाला येतो. याला अनुमान म्हणायचे की व्यंजना हा नावाचा वाद आहे. महिमभट्टाने ‘हेतू दाखवा’ म्हणून धरलेला आग्रह मला आजच्या समीक्षेला जास्त उपयोगी वाटतो. त्याने दाखवलेला हेतू चुकीच्या अनुमानाचा होता, एवढेच.

वर मी मम्मटाच्या मागोमाग ‘बाई’ असा शब्द वापरला. गाथेत बाई नाही. बोलणाऱ्याचे लिंग दाखवणारा एकही प्रत्यय तेथे नाही. ती स्त्री आहे, स्वैरिणी आहे, फुले तोडायला येणाऱ्या या धार्मिक माणसामुळे तिच्या संकेतस्थळाची शोभा आणि निवांतपणा जातो आहे, हे सारे टीकापरंपरेने दिले. त्याला आधार आहे तो गाथेतला नव्हे, संग्रहातला: नदीकाठची जाळी आणि वेताचे कुंज सप्तशतीत पुन्हापुन्हा याच कामासाठी येतात. शेजारच्या गाथांची साक्ष मी ग्राह्य मानतो, पण दुय्यम म्हणून. संग्रह एका हातचा नाही, आणि एका कवीची जाळी दुसऱ्या कवीच्या जाळीसाठी जामीन राहू शकत नाही.

टीकाकार अर्थासाठी शब्दालाच मुरड घालतात तेव्हा काय होते ते शेवटच्या शंभरीतल्या सासूच्या गाथेत दिसते. सून वाटसरूला दिवसाउजेडी दाखवून ठेवते की सासू येथे झोपते, मी येथे. रात्री तुला दिसत नाही, तेव्हा आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. निषेधातून निमंत्रण, आणि आधार पुन्हा शब्दांतच: पडू नये म्हणून जागा एवढ्या तपशिलाने कोण दाखवते? पण ‘आमच्या’साठी मुळात जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ ‘माझ्या’ असा होतो. अभिनवगुप्ताने तो निपात ठरवून ‘आम्हा दोघींच्या’ असा अर्थ घेतला. त्याचे कारणही त्याने लपवले नाही: नुसते ‘माझ्या’ म्हटले तर ऐकणाऱ्यांना शंका येईल आणि होकार झाकलेला राहणार नाही. म्हणजे आधी अर्थ ठरला, मग शब्दाने त्याच्या मापाचे व्हायचे. अभिनवगुप्तासारखा वाचक हे करतो तेव्हा ते चतुराईचे दिसते. मला मात्र ‘माझ्या’ हाच पाठ जास्त आवडतो. बोलता बोलता तिची जीभ घसरली असे त्यात दिसते, आणि सासू बहुधा ऐकते आहे.

हा प्रश्न रसिकांच्या मौजेपुरताच राहिला असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण सप्तशती आपल्याकडे महाराष्ट्राच्या प्राचीन लोकजीवनाचे साधन म्हणून वाचली जाते. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली सिद्ध केलेल्या आवृत्तीच्या विस्तृत प्रस्तावनेने ही दृष्टी मराठी वाचकाला दिली आणि तिचे ऋण मोठे आहे. तरीही विचारावे लागते: गोदेकाठी सिंह होते याला सप्तशती पुरावा होईल का? होणार नाही. सिंह आहे असे गाथेत कुणीतरी सांगते, आणि सांगणाऱ्याला खोटे सांगण्याचे चांगले कारण आहे. गाथेची सारी गंमत त्यावरच उभी आहे. मम्मटाचा ‘असिद्ध’ हा शब्द येथे इतिहासकाराने उचलून खिशात ठेवावा. तागाचे तसे नाही. साळ कापणीला येते तेव्हा ताग फुललेला असतो, दोन्ही पिके गावाजवळ असतात, नट्या हरताळाने तोंड रंगवतात, हे कुणी कुणाला पटवून देत नाही. ते गृहीत धरलेले आहे. ऐकणाऱ्याला ते ठाऊक नसते तर गाथाच कळली नसती. कवितेत जे सांगितले जाते त्यापेक्षा जे न सांगता धरून चालले जाते ते साक्षीला अधिक विश्वासाचे.

संग्रहाच्या काळाचा वादही याच पुराव्यावर लढला गेला. एका गाथेत विक्रमादित्याच्या दातृत्वाचा उल्लेख आहे. हाल सातवाहन पहिल्या शतकातला, त्याच्या संग्रहात विक्रमादित्य आला, म्हणजे विक्रम त्याच्याही आधीचा, असा तर्क काहींनी केला. दे. रा. भांडारकरांनी 1917 साली तो उलटवला. सप्तशतीत मंगळवार येतो, राधा येते; वाराचा उल्लेख असलेला जुन्यातला जुना म्हणून सहसा दाखवला जाणारा लेख बुधगुप्ताचा एरणचा, इसवी सन 484चा. तेव्हा संग्रह बराच उत्तरकालीन मानला पाहिजे. भांडारकरांनी बोट ठेवले ते नेमके गृहीत धरलेल्या गोष्टींवर: मंगळवार गाथेत कुणी सिद्ध करत नाही, तो सहज येऊन जातो. पुरावा चांगला होता, पण तो कशाचा पुरावा होता? वेबरने निरनिराळ्या पाठपरंपरा एकत्र केल्या तेव्हा गाथा भरल्या 964, आणि सर्व परंपरांना समान निघाल्या त्या 430. सातशेचा आकडा कायम ठेवून आतल्या गाथा बदलत राहिल्या. मंगळवाराची गाथा मंगळवाराचा काळ सांगते, शेजारच्या गाथेचा नाही. वा. वि. मिराशींनी संग्रह शतकानुशतके वाढत गेला असे मांडले ते यामुळेच ग्राह्य वाटते. आणि हाच नियम विक्रमादित्यालाही लावायचा. तो ज्या गाथेत आहे ती हालाच्या हाताखालून गेली होती हे आधी दाखवावे लागेल.

तागाच्या गाथेचा काळ मला सांगता येणार नाही. ती पहिल्या शतकातली असेल, पाचव्या शतकातलीही असेल. साळ आधी कापतात आणि ताग तेव्हा उभा असतो, एवढे ज्याला माहीत होते त्याने ती रचली. आणि जिने ती ऐकून मान वर केली, तिलाही ते माहीत होते.