लांडग्याचे शिर आणि निळे फूल

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ क्लॅश ऑफ किंग्ज’ (१९९८) या कादंबरीत परागंदा राजकन्या डेनेरिस क्वार्थ शहरातल्या मांत्रिकांच्या वास्तूत शिरते आणि तिला दारामागून दारात दृश्ये दिसत जातात. त्यांतल्या एका दालनात मेजवानी उधळलेली आहे, प्रेतांचा खच पडला आहे आणि सिंहासनावर लांडग्याचे शिर असलेला मृत राजा बसला आहे. राजदंड धरावा तशी मेंढीची तंगडी त्याने हातात धरली आहे. पुढच्याच ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’मध्ये (२०००) लग्नाच्या पंगतीत राजा रॉब स्टार्कचा खून होतो आणि त्याच्या धडावर त्याच्याच लांडग्याचे मुंडके शिवले जाते. रूपक समजून आपण जे मागे टाकलेले असते, ते साधे वर्णन निघते.

फँटसी कादंबरीत भविष्यसूचक स्वप्ने पैशाला पासरी मिळतात. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेत ती वेगळी का वाटतात, हे पाहायचे तर त्यांची भाषा कुठून येते ते पाहावे लागते. वाल्मीकी रामायणात त्रिजटेला तेल माखलेला, मुंडन केलेला रावण गाढवावरून दक्षिणेला जाताना दिसतो. श्रोत्याला अर्थ समजावावा लागत नाही, कारण दक्षिण ही यमाची दिशा आहे हे त्याला जन्मापासून ठाऊक असते. काल्पनिक जग रचणाऱ्या लेखकाला असा आयता संकेतकोश मिळत नाही. मार्टिन यांनी तो घराण्यांच्या निशाणांवर उभारला: स्टार्कांचा लांडगा, लॅनिस्टरांचा सिंह, बराथियनांचे हरीण. म्हणून हाय हार्टच्या टेकडीवरची ठेंगणी म्हातारी जळत्या काळजाच्या सावलीने सोनेरी हरीण मारल्याचे सांगते, तेव्हा रेन्ली बराथियनचे नाव लगेच सुचते. पण ही झाली निशाणांची उकल. हुशारीला खाद्य मिळते, मनाला फारसे नाही.

खरी करामत निळ्या गुलाबात आहे. हॅरेनहॉलच्या शस्त्रस्पर्धेत राजपुत्र ऱ्हेगार स्वतःच्या बायकोला ओलांडून पुढे जातो आणि हिवाळी गुलाबांचा निळा मुकुट लियाना स्टार्कच्या मांडीवर ठेवतो. तिचा भाऊ नेड ग्लानीतल्या स्वप्नात त्याच निळ्या पाकळ्यांचे वादळ पाहतो. हे स्वप्न भविष्याचे नाही, गेलेल्या काळाचे आहे, आणि तरी साऱ्या मालिकेची किल्ली त्यात आहे. मग उत्तरेच्या बर्फाच्या भिंतीपलीकडची इग्रिट नेडचा अनौरस मुलगा म्हणून वाढलेल्या जॉन स्नोला एक लोककथा ऐकवते: गवई निळा गुलाब मागतो, तो मागे ठेवून स्टार्कांची मुलगी घेऊन नाहीसा होतो आणि पुढे तिला मूल होते. आणि डेनेरिसला बर्फाच्या भिंतीच्या फटीत एक निळे फूल उगवलेले दिसते. जॉन त्याच भिंतीवर पहाऱ्याला आहे. तो खरा कुणाचा मुलगा, हे पाच खंडांत कुणी एकदाही बोलून दाखवत नाही. चार पात्रांच्या चार तुकड्यांतून ते ज्याचे त्याने जुळवायचे. गुलाबाचा अर्थ कुठल्याही निशाणावर लिहिलेला नव्हता. तो कथेतच साठत गेला.

दुसरे बलस्थान म्हणजे स्वप्न ऐकणाऱ्याचे वागणे. स्वप्नद्रष्ट्या जोजेन रीडला स्टार्कांच्या विंटरफेल गडात समुद्र शिरलेला आणि माणसे बुडालेली दिसतात. त्यांतला एक पहारेकरी घाबरून अंघोळच सोडतो! समुद्र येतो तो लोहद्वीपांवरच्या हल्लेखोरांच्या रूपाने. राणी सर्सीची गोष्ट याहून काळी. लहानपणी ऐकलेल्या भाकितातला, तिचा जीव घेणारा ‘धाकटा भाऊ’ म्हणजे टिरियनच, अशी तिची खात्री असते. जुळा जेमीही तिच्यानंतर जन्मला, हे तिच्या मनाला शिवत नाही. आपली जागा घेणारी तरुण राणी म्हणजे मार्जरी, असे ठरवून ती कट करते आणि स्वतःच कोठडीत पडते. पुजारीण मेलिसँड्रे ज्वाळांत करड्या वस्त्रातली मुलगी पाहते आणि ती जॉनची बहीण असल्याचे छातीठोकपणे सांगते. येते ती भलतीच, ॲलिस कारस्टार्क. ज्वाळा खोटे दाखवत नाहीत, वाचणारी घाई करते.

हीच घाई आता वाचकांत उतरली आहे. पाचवा खंड २०११ मध्ये आला, त्यानंतरचा अजून नाही. या पोकळीत प्रत्येक कावळा, प्रत्येक कापडाचा रंग, पंगतीतला प्रत्येक पदार्थसुद्धा संकेत ठरवला जातो (आणि मार्टिन यांच्या पंगतीत पदार्थ थोडे नसतात). विंटरफेल बळकावून बसलेला थिऑन स्वप्नात मृतांची मेजवानी पाहतो आणि जखमांनी भरलेला रॉब दारातून आत येतो, तेव्हा त्यात पुढच्या हत्याकांडाची चाहूल जितकी आहे, तितकीच ज्या घराने वाढवले त्याच्याशी केलेल्या द्रोहाची भीती आहे. कोडे सुटले की त्या भीतीकडे कुणी वळून पाहत नाही.

दोष लेखकाचाही आहे. तीन अग्नी, तीन वाहने, तीन विश्वासघात ही डेनेरिसला सांगितलेली गणिते मला मालिकेतला सर्वांत कच्चा भाग वाटतात. चित्र मनात रुजते, आकडा फक्त हिशेब मागतो. शिवाय मार्टिन स्वतःला नकाशा आखून बांधणारे वास्तुकार न म्हणता बी पेरून काय उगवते ते पाहणारे माळी म्हणवतात. भाकिताला मात्र आधी आखलेला नकाशाच लागतो, आणि रखडलेल्या खंडांत हा अंतर्विरोध जाणवतो.

या कादंबऱ्यांवरच्या दूरचित्रवाणी मालिकेने ही अडचण छाटून सोडवली. २०१२ च्या दुसऱ्या पर्वात डेनेरिसला उद्ध्वस्त सिंहासन दिसले, लांडग्याचे शिर आणि भिंतीतले फूल गाळले गेले. २०१५ मध्ये सर्सीचे भाकीत दाखवताना त्यातला भाऊही वगळला. २०१६ मध्ये जॉनच्या जन्माचे रहस्य उघडले, तेही नेडचा मुलगा ब्रान याला भूतकाळातला प्रसंग थेट दाखवून. प्रेक्षकाला जुळवायला काही ठेवलेच नाही.